बाबांची गिअरची गाडी

बाबांचा डावा हात आणि डावा पाय एका सकाळी गेला. गोठ्यातून दुधाची चरवी घेऊन येताना ते अंगणात खाली बसले, ते उठलेच नाहीत. आईने मला पुण्याला आणि भावाला ठाण्याला फोन केला. दुपारपर्यंत आम्ही दोघंही महाडच्या दवाखान्यात पोचलो होतो. अकरा दिवसांनी डॉक्टरांनी घरी सोडलं. जीव वाचलाय, म्हणाले, आता खरं काम व्यायामाचं आहे. आठवड्यातून तीन दिवस महाडला आणा, सहा महिने, आणि चुकवू नका.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या अंगावर आहे. पोलादपूरपर्यंत सात किलोमीटरचा उतार आणि तिथून हायवेने महाड. वाडीत एसटी सकाळी एक येते आणि संध्याकाळी एक. बाबा एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते, महाड डेपोचे. त्याच गाडीच्या पायऱ्यांवर दोघांनी उचलून चढवलेलं त्यांना चालणार नव्हतं, आणि ते मलाही बघवलं नसतं.

दवाखान्याच्या जिन्यात भाऊ मला म्हणाला, "ताई, तूच थांब ना. तुझं काम लॅपटॉपवर असतं, कुठूनही होतं."

तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान. त्याचंही काम लॅपटॉपवरच असतं. पण त्याचं काम ऑफिसात बसून होतं म्हणून ते काम, आणि माझं घरातून होतं म्हणून ती सवड. त्या वेळी मी काही बोलले नाही. बाबा आत पलंगावर होते आणि जिन्यात भांडायचं वय आमचं राहिलं नव्हतं. पुण्याला फोन केला तर नवरा म्हणाला, "तू राहा हवं तितके दिवस, पण गाडी इथेच असू दे. मला रोज लागते." गाडी माझ्या नावावर आहे. तरी मी बरं म्हणाले. या 'बरं'चा राग मला पुढे बरेच दिवस येत राहिला.

पोलादपूरच्या एका जीपवाल्याशी बोलून ठेवलं. दोन आठवडे तो नेमाने आला. तिसऱ्या आठवड्यात त्याला एका कंपनीचं रोजचं भाडं मिळालं आणि त्याचा फोन लागेना. बाबांचे ओळीने तीन दिवस चुकले. त्यांच्या डाव्या हाताची जी बोटं जरा उघडायला लागली होती ती पुन्हा मुठीत गेली. आई रोज तेल लावून ती एक एक करून उलगडायची आणि सोडली की ती परत मिटायची.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाबांची पांढरी गाडी उभी होती. रिटायर झाल्यावर घेतलेली, पाच गिअरची. दर रविवारी धुतलेली. आता तिच्यावर धूळ बसली होती आणि बॉनेटवर कोंबडी झोपायची.

जेवताना मी म्हणाले, "उद्यापासून मी चालवते."

बाबांचं तोंड अजून एका बाजूला ओढलेलं होतं आणि शब्द जड यायचे. पण हे वाक्य त्यांनी सरळ म्हटलं. "तुला नाय जमायचं. तू बिनगिअरची चालवतेस. ती गाडी हाय काय? ती जत्रेतली मोटार हाय."

मला जमत नव्हतं हे खरंच होतं. पुण्यात बारा वर्षांपूर्वी मी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये वीस दिवस गेले होते. तिथल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक होता. स्टिअरिंग मी धरायचे, बाकीचं सगळं तो करायचा, आणि असं करून मला लायसन्स मिळालं. लगेच आम्ही ऑटोमॅटिक घेतली. तेव्हापासून गाडी चालवताना माझा डावा पाय नुसता बाजूला पडून असायचा आणि डावा हात मांडीवर.

पण त्या वाक्याने जो राग आला तो बारा वर्षांचा नव्हता. मी अठरा वर्षांची होते तेव्हा बाबांनी भावाला गाडी शिकवली. तो पंधराचा. भात कापून झालं होतं, खालचं शेत मोकळं होतं, आणि बाबांनी कुणाची तरी जीप दोन रविवार मागून आणली होती. मी त्यांना म्हणाले, "बाबा, मला पण शिकवा." ते हसले. "तुला काय एसटी चालवायचीय?" असं म्हणून त्यांनी मला घरी पाठवलं, चहा आणायला. मी किटली घेऊन बांधावर उभी राहिले. शेतात जीप गोल फिरत होती, भाऊ आत बसला होता, बाबा त्याच्या शेजारी बसून त्याच्या हातावर हात ठेवून गिअर टाकायला शिकवत होते. चहा गार झाला म्हणून मलाच बोलणी बसली.

पहिला धडा शाळेच्या पटांगणात झाला, रविवारी, शाळा बंद असताना. सुट्टीला आलेल्या शेजारच्या मुलाने गाडी तिथवर आणून लावली होती. जीपवाला आला नव्हता, दुसरा कोणी मिळत नव्हता, म्हणून बाबा कबूल झाले. आईने आणि मी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. आई शाळेच्या पायरीवर बसली.

किल्ली फिरवली आणि गाडी उडी मारून बंद पडली. ती गिअरमध्येच उभी होती. ऑटोमॅटिकवाल्याच्या हे लक्षातच येत नाही.

"क्लच दाबल्याबिगर किल्ली फिरवतात काय?" बाबा म्हणाले.

दुसऱ्यांदा क्लच दाबला, चालू केली, पहिला टाकला, क्लच सोडला. गाडी हिसका देऊन बंद. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा ती चालली, पण थांबताना मी सवयीप्रमाणे नुसता ब्रेक दाबला आणि ती खोकत, थरथरत मेली. प्रत्येक वेळी बाबा ओरडायचे. ओरडले की त्यांचे शब्द आणखी जड व्हायचे आणि मला कळायचे नाहीत. मी "काय?" म्हटलं की ते आणखी चिडायचे.

दुसरा गिअर टाकायची वेळ आली तेव्हा त्यांनी उजव्या हाताने माझा हात गिअरवरून ढकलला आणि स्वतः दांडा खाली ओढला. मी क्लच दाबलेला नव्हता. गाडीतून दात खाल्ल्यासारखा आवाज आला.

"हात काढा बाबा."

"तुला दिसत नाय काय, गाडी रडतेय."

"मला टाकू द्या. हात काढा."

त्यांचा तो एक हात मात्र अजून ड्रायव्हरचा होता, माझ्या दोन हातांपेक्षा ताकदीचा. तासभर आम्ही त्या दांड्यावरून झगडलो. घरी आलो तेव्हा माझी डावी मांडी थरथरत होती आणि आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो. भावाला शिकवताना हातावर ठेवलेला हात मला आठवत होता. माझा हात त्यांनी ढकलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठायच्या आत मी किल्ली घेतली. आई भांडी घासत होती. ती हात पुसून मागून आली आणि न विचारता शेजारी बसली.

"तू कशाला?"

"एकटी नको जाऊ गो."

आमच्या वाडीत एकच सपाट रस्ता आहे, ओढ्याच्या कडेने जाणारा, अर्धा किलोमीटरभर. तिथे मी पहिल्या गिअरमध्ये जा-ये सुरू केली. आई खिडकीबाहेर बघत होती. वेग जरा वाढला तसं ती बाहेर बघतच म्हणाली, "आता बदल."

"काय बदलू?"

"दुसरा टाक. ती मागतेय."

मी क्लच दाबून दुसरा टाकला. गेला, आवाजही न करता. "तुला कसं कळलं?" मी तिला विचारलं.

तिचं म्हणणं असं की यात काय विशेष. बाबा पोलादपूर–महाड मार्गावर होते तेव्हा ती दर आठवड्याला बाजाराला त्यांच्या गाडीने जायची, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून. तेवीस वर्षं. इंजिन कधी कण्हतं, कधी मोकळं होतं, ते कुठल्या वळणावर काय करायचे, हे तिला ऐकून पाठ होतं. तिने आयुष्यात स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता.

त्या आठवड्यात मी रोज सकाळी तिच्याबरोबर जायचे. ती ओरडायची नाही, समजावूनही सांगायची नाही. "जरा आधी सोडलास," म्हणायची. किंवा, "आता ती धरतेय, थांब." क्लच सोडताना एका जागी गाडी जमीन पकडते आणि तिचं नाक जरा वर येतं. ती जागा पायाला सापडली की अर्धं काम झालं. बाबांनी मला ती जागा ओरडून दाखवली होती, ती मला दिसली नव्हती. आईने ऐकायला लावली आणि तिसऱ्या दिवशी सापडली.

एका सकाळी मी गाडी थांबवून तिला म्हणाले, "इकडे बस. तू चालव."

"मी?"

"तुला सगळं येतं."

तिने डोळे बारीक करून काचेतून रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आता नको. डोळ्याला धड दिसत नाय. मोतीबिंदू पिकलाय म्हनतात. तेवा कुनी इचारलं असतं तर शिकली असते." हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, मीठ संपलंय म्हणावं तसं. मला मात्र तिथल्या तिथे गाडी ओढ्यात घालावी असं वाटलं. बाबांनी तिला विचारलं नाही, आणि आजपर्यंत मीही कधी विचारलं नव्हतं.

पहिल्यांदा महाडला गेलो त्या दिवशी हायवेवर काही झालं नाही. चौथ्या गिअरमध्ये गाडी सुरळीत पळत होती. शेजारी बसलेल्या बाबांचा उजवा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबत होता. महाडमध्ये बाजाराच्या रस्त्याला दोनदा बंद पडली, मागून हॉर्न वाजले, पण निघाली. व्यायाम झाला. बाबांनी भिंतीला धरून सहा पावलं टाकली.

परत येताना संध्याकाळची एसटी नडली. वाडीच्या खाली एक चढ आहे, वळणावरचा, एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला सरळ खोल. आम्ही वर चढत होतो आणि वरून एसटी उतरत आली. मी बाजूला घेऊन थांबले. एसटी गेली. मग निघायचं तर ब्रेक सोडला की गाडी मागे जायची आणि घाबरून क्लच सोडला की बंद पडायची. एकदा, दोनदा, पाचदा. मागे एक पिकअप येऊन उभा राहिला, त्याच्या मागे दोन मोटरसायकली. हॉर्न सुरू झाले.

पिकअपमधला माणूस उतरून माझ्या खिडकीशी आला. "ताई, उतरा तुम्ही. मी काढून देतो."

"मी काढते," मी म्हणाले.

तो माझ्याशी बोलायचं सोडून पलीकडे बाबांना म्हणाला, "काका, सवय नाय त्यांना."

बाबा मला म्हणाले, "दे त्याला."

"बाबा, मला दोन मिनिटं द्या."

"उतर. दे त्याला गाडी. मारशील मला."

मी उतरले. त्याने एका दमात गाडी चढावर नेली आणि वर सपाटीला लावली. मोटरसायकलवाले माझ्याकडे बघत माझ्या बाजूने गेले. मी तो चढ चालत चढले. वर पोचले तेव्हा तो माणूस बाबांशी हसून बोलत होता आणि बाबा त्याला सांगत होते, "आमचा मुलगा हितं असता तर हा परसंगच आला नसता."

संध्याकाळी भावाचा फोन आला. बाबांनी त्याला सगळं सांगितलं होतं.

"ताई, कशाला रिस्क घेतेस? बाबांना काही झालं असतं म्हणजे?"

"मग तू ये."

"मला रजा नाही मिळत, तुला माहितीये."

"मला कुणी दिली?"

"तुझं वेगळं आहे."

मी फोन ठेवला. पुन्हा त्याचा आला तो उचलला नाही. परसात कपडे पिळत होते, ते इतके पिळले की बाबांच्या सदऱ्याची शिवण उसवली. आई बघत होती. ती म्हणाली, "सकाळी त्याच चढाला जाऊ."

गेलो. आईने वाटेत एक मोठा दगड उचलून पायाशी ठेवला. चढाच्या मध्यावर मी गाडी उभी केली, ती उतरली आणि मागच्या चाकामागे दगड लावून बाजूला उभी राहिली. मग मी हँडब्रेक ओढून सुरुवात केली. पहिला गिअर, क्लच हळूहळू वर, नाक उचललं की थोडी रेस, मग हँडब्रेक खाली. गाडी चार हात पुढे जायची. आई दगड उचलून मागून यायची, पुन्हा चाकाला लावायची. त्रेसष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखणारी. मी तिला "राहू दे" म्हटलं तर तिने ऐकलं नाही. पंधरा-वीस वेळा तरी केलं असेल. क्लच जळाल्याचा वास सुटला तेव्हा थांबलो. शेवटच्या पाच-सहा वेळा दगडाची गरज पडली नाही, पण ती तो घेऊन चालतच होती.

हँडब्रेक वापरून चढ चढणं बाबांना मंजूर नव्हतं. त्यांच्या मते खरा ड्रायव्हर गाडी क्लचवर धरतो. हे मला माहीत होतं. पण माझ्या दृष्टीने गाडी मागे न जाणं महत्त्वाचं होतं.

दोन दिवसांनी पुन्हा महाड. येताना त्याच चढावर एसटी पुन्हा समोर. या वेळी मी घाबरले नव्हते. थांबले, हँडब्रेक ओढला, एसटी जाऊ दिली. पहिला टाकला, क्लच वर आणायला लागले.

"हँडब्रेक कशाला?" बाबा म्हणाले. "क्लचवर धर."

"मला असं जमतं."

"अशी कोन चढवतं काय? काढ तो."

"बाबा, बोलू नका आता."

त्यांनी उजवा हात पुढे केला, बटण दाबलं आणि हँडब्रेक खाली पाडला.

गाडी मागे सुटली. क्लच अजून धरायच्या जागी आला नव्हता. मी दोन्ही पाय दाबले आणि गाडी थांबली तेव्हा मागचं डावं चाक रस्त्याच्या कडेच्या खडीवर होतं. त्याच्या पलीकडे खोल. आई मागच्या सीटवर होती. तिने माझी सीट दोन्ही हातांनी धरली होती.

मी इंजिन बंद केलं, गाडी गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक शेवटपर्यंत ओढला आणि किल्ली काढून हातात घेतली. मग बाबांशी बोलले. आवाज चढवला नाही, कारण चढवला असता तर रडायला आलं असतं, आणि मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

"हात मांडीवर ठेवा."

त्यांनी ठेवला.

"आत्ता आपण तिघं खाली गेलो असतो. आई पण. तुम्हाला कळतंय का?"

"तू जर नीट..."

"मी नीट करत होते. तुम्ही पाडलात हँडब्रेक. मी चूक केली असती तरी तुमच्या पोटात इतकं दुखलं नसतं. मी तुमच्याशिवाय बरोबर करत होते ते तुम्हाला बघवलं नाही."

ते समोर काचेकडे बघत होते.

"त्याला शिकवलंत तेव्हा त्याच्या हातावर हात ठेवला होतात. मी बांधावर चहा घेऊन उभी होते. मला का नाही शिकवलंत?"

मला वाटलं होतं ते विषय टाळतील किंवा चिडतील. ते म्हणाले, "तू पोरगी होतीस. लगीन करून जायाची. तुला गाडी कशाला?"

म्हणून झालं. त्यात त्यांना लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं. इतकी वर्षं मी या प्रश्नाला काहीतरी मोठं उत्तर असेल असं धरून चालले होते आणि उत्तर एवढंच होतं.

मी उतरले, त्यांच्या बाजूचं दार उघडलं. "मागे बसा."

"काय?"

"आई पुढे बसेल. तुम्ही मागे. नाहीतर गाडी इथेच राहील आणि मी चालत घरी जाईन."

"मी एकतीस वर्षं..."

"माहितीये."

त्यांना उठवून मागे बसवायला आम्हा दोघींना दहा मिनिटं लागली. तेवढ्यात एक मोटरसायकल थांबली आणि तिच्यावरच्या माणसाने काही मदत हवी का विचारलं. मी नको म्हणाले. मग मी गाडीत बसले, हँडब्रेकवर चढ चढले आणि वाडीत आले. लोक पारावर बसलेले होते. एकतीस वर्षं ज्याने सगळ्या वाडीला महाडला नेलं तो माणूस मागच्या सीटवर बसून आला, आणि पुढे त्याची बायको. सगळ्यांनी बघितलं. मला त्यांची दया येईल असं वाटलं होतं. नाही आली.

सहा महिने बाबा मागेच बसले. आठवड्यातून तीन दिवस. पहिला महिना ते बोलले नाहीत. मग तोंडातल्या तोंडात बोलायला लागले, "तिसरा," "आता चौथा," आणि मी ते ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचे. हायवेच्या कडेच्या नदीकडे बघत आई कधी कधी जुन्या गोष्टी सांगायची, कुठे काय झाडं होती, पुरात काय गेलं. बाबा त्यात दुरुस्त्या करायचे. इतकंच आमचं तिघांचं बोलणं. बाबांची बोटं उघडली, ते काठी घेऊन चालायला लागले. व्यायाम घेणारी मुलगी एकदा त्यांना म्हणाली, "काका, तुमची उजवी बाजू छान आहे, पुढेमागे ऑटोमॅटिक चालवू शकाल." त्या दिवशी ते वाटभर एक शब्द बोलले नाहीत आणि मला आतल्या आत बरं वाटलं. ते बरं वाटणं चांगलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

शिमग्याला भाऊ आला. पालखी नाचवून, पुरणपोळी खाऊन झाल्यावर परत निघायच्या सकाळी बाबा माझ्याकडे हात पुढे करून म्हणाले, "किल्ली दे. गाडी हा ठान्याला नेईल. हितं आता कोन चालवनार?"

"मी चालवते आहे. सहा महिने. आणि पुढच्या महिन्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे महाडला."

"जीप करून देतो मी," भाऊ म्हणाला. "ताई, तू काय इथे कायमची थोडीच राहणार आहेस?"

"ती राहील की नाही ते तिला विचार," आई म्हणाली.

"गाडी माझ्या नावावर हाय," बाबा म्हणाले.

ते खरं होतं. मी किल्ली ओट्यावर ठेवली, कुणाच्या हातात दिली नाही. भावाने ती उचलली. निघताना तो मला म्हणाला, "क्लच पार गेलाय गं हिचा, किती जाळलास." माझ्या तोंडात जे आलं होतं ते आईसमोर बोलण्यासारखं नव्हतं. गाडी उतारावरून दिसेनाशी झाल्यावर आई शेडमध्ये गेली आणि तिथे कोंबड्यांचं खुराडं आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने महाड आणि तिथून पुण्याला गेले. नवरा संध्याकाळी घरी आला तेव्हा मी त्याला सांगितलं, "गाडी मी नेते आहे. आईचं ऑपरेशन आहे, मग तपासण्या. महिना-दोन महिने लागतील."

"आणि मी ऑफिसला कसा जाऊ?"

"तुझं काम तर ऑफिसात आहे. कसंही पोचता येतं."

त्याला ते वाक्य कुठून आलं ते कळलं नाही. तो बराच वेळ बोलत होता. मी बॅग भरत होते.

भोरवरून वरंध घाटाने उतरले. पहिल्याच वळणावर गिअर बदलायला म्हणून मी डावा पाय जोरात खाली मारला. तिथे क्लच नव्हता. रुंद ब्रेकवर पाय बसला, गाडी जागच्या जागी उभी राहिली आणि पट्टा छातीत रुतला. मागे कुणी नव्हतं म्हणून वाचले. बाजूला गाडी लावून मी पाणी प्यायले आणि स्वतःलाच शिव्या दिल्या. मग डावा पाय ओढून सीटखाली घेतला आणि शिवथरच्या फाट्यापर्यंत तो तिथेच दाबून ठेवला.

ऑपरेशनच्या सकाळी आई नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली. बाबा काठी टेकत गाडीजवळ आले, वाकून आत बघितलं आणि म्हणाले, "मी पन येतो."

मी आईकडे बघितलं. ती समोर बघत पट्टा लावत होती. "तुम्ही घरी थांबा," ती म्हणाली. "कोंबड्या सोडल्यात."

आम्ही दोघीच गेलो.